पाऱ्याचा माग काढणारा आल्फ्रेड स्टॉक

चाळिशी ओलांडलेला एक प्राध्यापक. डोके सारखे जड, मधूनच चक्कर, नाक कायम चोंदलेले, हिरड्या दुखऱ्या. बर्लिनच्या नामांकित तज्ज्ञांनी त्याच्या नाकाला मालिश केले, आतली त्वचा डागली, विजेचे उपचार केले, शस्त्रक्रियाही केल्या. गुण आला नाही. पुढे स्मरणशक्ती ढासळू लागली. डिरेक्टरीत पाहिलेला नंबर टेलिफोनपर्यंत पोहोचेतो विसरायचा. कालच संपवलेल्या पुस्तकात काय होते ते आठवायचे नाही. साधी बेरीज चुकायची. माणसांत मिसळणे नको वाटायचे आणि ज्या कामासाठी आयुष्य वाहिले त्या कामातही मन रमेना. असा रुग्ण आज एखाद्या ओपीडीत आला तर त्याला सायनस, बीपी, मानसिक ताण, वय यांपैकी एखादे लेबल मिळण्याची शक्यता बरीच आहे. त्यालाही तेच मिळाले. वीसहून अधिक वर्षे त्याचे दुखणे कुणालाच कळले नाही.

हा रुग्ण म्हणजे आल्फ्रेड स्टॉक, जर्मनीतले पहिल्या फळीतले रसायनशास्त्रज्ञ. त्यांच्या आजाराचे कारण त्यांच्या प्रयोगशाळेच्या लाकडी फरशीच्या फटींत साचलेले होते.

स्टॉक यांचा जन्म १६ जुलै १८७६ रोजी डान्झिगमध्ये झाला. हे बंदर आता पोलंडमध्ये असून ग्दान्स्क या नावाने ओळखले जाते. बर्लिनमध्ये एमिल फिशर यांच्याकडे त्यांचे शिक्षण झाले, नंतर वर्षभर पॅरिसला हेन्री म्वासाँ यांच्या प्रयोगशाळेत उमेदवारी. या दोन्ही गुरूंना पुढे नोबेल मिळाले. १९०९ मध्ये ब्रेस्लाऊच्या नव्या तंत्रशिक्षण संस्थेत रसायनशास्त्र विभाग उभारण्याचे काम स्टॉक यांच्याकडे आले आणि तिथे त्यांनी बोरॉन व हायड्रोजन यांच्या संयुगांना हात घातला. या वाटेला तोवर फारसे कुणी जात नसे, आणि त्याला कारणही होते. ही संयुगे हवा लागताच पेट घेतात, पाण्याने विघटित होतात, वर दुर्गंधी आणि विषारी. नेहमीच्या काचेच्या नळ्यांना असतात त्या तोट्यांचे ग्रीससुद्धा ती खातात.

स्टॉक यांनी मग हवेला शिरकावच नसलेली, काचेची बंद यंत्रणा बनवली. वायू एका नळीतून दुसरीत न्यायचा, गोठवायचा, पुन्हा उकळवायचा, सगळे निर्वातात. तोट्यांच्या जागी त्यांनी पाऱ्याच्या झडपा बसवल्या. पंप पाऱ्याचे, दाब मोजायच्या नळ्या पाऱ्याच्या. आज जगभरच्या प्रयोगशाळांत वापरली जाणारी निर्वात पद्धत तिथून निघाली. रसायनशास्त्राचा विद्यार्थी आज सहज वापरतो तो ‘लिगँड’ हा शब्दही १९१६ मध्ये स्टॉक यांनीच रूढ केला. त्याच वर्षी ते बर्लिनच्या कैसर विल्हेल्म संस्थेत गेले आणि पुढे तिथल्या रसायनशास्त्र संस्थेचे संचालक झाले.

इतका पारा हाताळायचा म्हणजे तो सांडणारच. काच तडकली, नळी फुटली की चंदेरी गोळ्या टेबलावरून उड्या मारत फरशीवर जायच्या. मोठे थेंब उचलले जायचे, बारीक कण फटीत बसायचे. बर्लिनचा हिवाळा, खिडक्या बंद, खोली उबदार. पारा हा खोलीच्या तापमानाला द्रव असलेला धातू आहे, पण स्वस्थ बसणारा नाही, त्याची सतत वाफ होत असते. तिला रंग नाही, वास नाही. २० अंश सेल्सिअसला बंद हवेत ती पुरती भरली तर एका घनमीटरमध्ये साधारण १४ मिलिग्रॅम पारा मावतो. जागतिक आरोग्य संघटनेची वर्षभराच्या सरासरीची मार्गदर्शक मर्यादा घनमीटरला १ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे त्याच्या चौदा हजारावा भाग.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. थर्मामीटर चावून मुलाने पारा गिळला की आई-वडील घाबरेघुबरे होऊन दवाखाना गाठतात. गिळलेला द्रव पारा आतड्यातून जवळपास शोषलाच जात नाही, शौचावाटे निघून जातो. चिंता फुटलेल्या काचेची करावी आणि फरशीवर सांडलेल्या पाऱ्याची करावी. त्याची वाफ श्वासाबरोबर आत गेली की सुमारे ८० टक्के रक्तात उतरते आणि तिथून मेंदूत शिरते. म्हणून पारा सांडला तर मुलांना खोलीबाहेर काढावे, खिडक्या उघडाव्यात, थेंब जाड कागदाने गोळा करून झाकणाच्या बाटलीत बंद करावेत. झाडू मारला की एका थेंबाचे शंभर होतात आणि व्हॅक्यूम क्लीनर तर त्याची वाफ घरभर पसरवतो.

स्टॉक यांच्या आजाराचा उलगडा १९२४ मध्ये झाला. लुई लेविन हे बर्लिनमधले विषशास्त्राचे मोठे अभ्यासक. त्यांनी या लक्षणांमागे पाऱ्याची वाफ असल्याचे ओळखले. प्रयोगशाळेची हवा तपासली, तिच्यात पारा. लघवी तपासली, तिच्यातही पारा. सहकाऱ्यांची चौकशी केली तर डोकेदुखी, चिडचिड, विसराळूपणा हे सगळ्यांच्याच वाट्याला आलेले होते आणि प्रत्येक जण त्याला कामाचा शीण समजत होता.

मोठ्या मात्रेची पाऱ्याची विषबाधा डॉक्टरांना शतकानुशतके ठाऊक होती. खाणीतले मजूर, आरशांना मुलामा देणारे, टोप्या बनवणारे कारागीर यांचे थरथरणारे हात आणि गळणारे दात वैद्यकाच्या पुस्तकांत होते. अगदी थोडी वाफ वर्षानुवर्षे नाकात गेली तर काय होते, हे मात्र त्या पुस्तकांत नव्हते. १९२६ मध्ये स्टॉक यांनी जर्मन रसायनशास्त्रज्ञांच्या नियतकालिकात पाऱ्याच्या वाफेच्या धोक्यावर प्रदीर्घ लेख लिहिला आणि त्यात स्वतःची सारी लक्षणे, अगदी विसरलेल्या टेलिफोन नंबरासकट, उघड मांडली. बुद्धीवर ज्याची उपजीविका, अशा माणसाने आपली बुद्धी मंदावली होती हे छापून सांगणे सोपे नव्हते. मायकेल फॅरडे यांच्या उतारवयातल्या स्मृतिभ्रंशामागेही पाराच असावा, अशी शंका त्यांनी मांडली.

त्यांनी दातांत भरल्या जाणाऱ्या पाऱ्याच्या मिश्रणावरही बोट ठेवले आणि जर्मन दंतवैद्यांशी मोठा वाद ओढवून घेतला. तो वाद अजून पुरता मिटलेला नाही. आता जगभर हे मिश्रण टप्प्याटप्प्याने कमी केले जात आहे, पण दातात नीट बसलेले जुने चांदीचे भरण भीतीपोटी उकरून काढू नये, उकरतानाच जास्त वाफ सुटते.

त्याच वर्षी स्टॉक कार्लस्रुहला गेले. तिथली प्रयोगशाळा त्यांनी अंगावर घाव सोसलेल्या माणसाच्या सावधपणाने उभारली. फरशीला फटी नाहीत, हवा खेळती, सांडलेला पारा दिसेल आणि उचलता येईल अशी मांडणी. प्रकृती हळूहळू, वर्षांच्या हिशेबाने सुधारली, पण थोडीशी वाफ लागली तरी जुनी लक्षणे डोके वर काढत. बोरॉनवरचे काम चालूच राहिले, १९३२ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात त्यावर व्याख्यानेही झाली. तरी त्यांचे निम्मे लक्ष आता पाऱ्याच्या मागावर होते.

अडचण मोजण्याची होती. हवेतला, रक्तातला, अन्नातला पारा इतका कमी की तेव्हाच्या पद्धतींना तो दिसतच नसे. स्टॉक यांनी नमुन्यातला पारा तांब्याच्या तारेवर विजेच्या साह्याने बसवायचा, तापवून त्याची वाफ करायची आणि थंड होऊन जमलेल्या इवल्याशा गोळीचा व्यास सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचा, अशी पद्धत बसवली. व्यासावरून वजन. मायक्रोग्रॅमच्याही शंभराव्या भागापर्यंत ते पोहोचले. यंत्रे आता बदलली आहेत, पण इतक्या कमी पाऱ्याला किंमत आहे हे त्या गोळ्यांनी प्रथम पटवले.

मग त्यांनी प्रयोगशाळेबाहेर पाहिले. सहकारी फ्रिडरिश कुकुएल यांच्याबरोबर त्यांनी माती, पावसाचे पाणी, हवा, झाडे, धान्य, मासे असे नमुने तपासले. १९३४ मध्ये निसर्गातल्या पाऱ्याच्या प्रसारावरचा त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. पारा नाही असे ठिकाण त्यांना जवळपास सापडलेच नाही. खाणीपासून, कारखान्यापासून दूरच्या मातीतही तो होता. फरशीच्या फटीतला शत्रू आभाळातही आहे, असा त्याचा अर्थ होता.

पाऱ्याचा हा प्रवास कसा होतो, हे नंतरच्या शास्त्रज्ञांनी उलगडले. तो समजायला चांदवडचा डोंगर पुरेसा आहे. दगडी कोळशात टनामागे ग्रॅमच्या काही दशांशांइतका पारा असतो. आकडा किरकोळ वाटतो, पण औष्णिक वीज केंद्रात रोज हजारो टन कोळसा जळतो. आपल्याकडे नाशिकजवळ एकलहरे आहे, तिकडे विदर्भात ताडोबाच्या बाजूला चंद्रपूरचे मोठे केंद्र आहे. माणसामुळे हवेत जाणाऱ्या पाऱ्यापैकी साधारण पाचवा हिस्सा कोळशाच्या भट्ट्यांचा, आणि त्याहून मोठा हिस्सा पाऱ्याने सोने धुणाऱ्या छोट्या खाणींचा. धुरातला काही पारा जवळपास खाली येतो. वाफेच्या रूपातला उरलेला पारा काही महिने ते वर्षभर हवेत तरंगतो. त्यामुळे रेणुकामातेच्या डोंगरावरच्या हवेत नाशिकचा पारा आहे तसा चीनचा आणि आफ्रिकेचाही आहे.

आता झाडांचे काम सुरू होते. पान ज्या रंध्रांतून कार्बन डायऑक्साइड घेते त्याच रंध्रांतून पाऱ्याची वाफही आत जाते आणि बरीचशी तिथेच अडकते. पान जितके दिवस फांदीवर, तितका त्यातला पारा जास्त. पानगळ झाली की हा सगळा साठा जमिनीवर उतरतो. जंगलाच्या मातीत येणाऱ्या पाऱ्यापैकी मोठा वाटा पावसाचा नसून गळलेल्या पानांचा असतो, हे अलीकडच्या मोजमापांतून दिसले आहे. म्हणजे जंगल हवा गाळते आणि गाळ स्वतःच्या पायाशी ठेवते. पाला कुजतो, त्याच्या काळ्या मातीला पारा घट्ट धरून राहतो, दशके, शतके. तो सुटतो तो दोन वाटांनी. एक वाट वणव्याची. उन्हाळ्यात सातमाळ्याचे डोंगर कुणाच्या तरी विडीने किंवा नव्या गवताच्या हौसेने पेटतात तेव्हा पाल्यात वर्षानुवर्षे जमलेला पारा काही तासांत पुन्हा आभाळात जातो. वणव्याने झाडे जातात आणि पाखरांची घरटी जातात, हे दिसते. हे दिसत नाही.

दुसरी वाट पाण्याची, आणि माणसाच्या दृष्टीने तीच जास्त घातक. पावसाबरोबर माती ओढ्यात, तिथून तळ्यात, धरणाच्या फुगवट्यात जाते. तळाच्या चिखलात प्राणवायू नसतो. तिथले काही जिवाणू साध्या पाऱ्याला मिथाइल पारा बनवतात. त्यांना हे कोणत्या जनुकांमुळे जमते ते २०१३ मध्ये कळले. साधा पारा शरीरातून बऱ्यापैकी बाहेर पडतो, मिथाइल पारा चिकटून बसतो. शेवाळातून तो किड्यांच्या अळ्यांत, अळ्यांतून छोट्या माशांत, छोट्यांतून मोठ्यांत जातो आणि प्रत्येक पायरीवर वाढतो. मोठ्या शिकारी माशात तो आसपासच्या पाण्याच्या दहा लाख पटही भरू शकतो. पाण्यातल्या अळीचा चतुर किंवा माशी होऊन ती काठावर उडते, कोळ्याच्या जाळ्यात सापडते, कोळ्याला पाखरू टिपते. अशा रीतीने मासा कधीच न खाणाऱ्या रानपाखरांतही पारा सापडतो. पेरूमध्ये सोन्याच्या खाणींलगतच्या अॅमेझॉन जंगलात हेच घडत असल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले: दाट पानोळ्याच्या जंगलाने सर्वाधिक पारा ओढून घेतला होता आणि तिथल्या पक्ष्यांत दूरच्या जंगलातल्या पक्ष्यांपेक्षा कितीतरी पट पारा भरला होता.

मिथाइल पाऱ्याची सर्वाधिक झळ गर्भाला बसते, कारण तो वार ओलांडून बाळाच्या घडत्या मेंदूत जातो. म्हणून गरोदर बाईने सुरमई, मोरी यांसारखे मोठे शिकारी मासे मोजकेच खावेत आणि छोट्या माशांवर भर द्यावा. मासे सोडून देण्याची गरज नाही, त्यांची प्रथिने बाळाला हवीच असतात.

भारतातल्या जंगलाने हा धडा कोडाईकनालमध्ये घेतला. अमेरिकेतून उचलून आणलेला थर्मामीटरचा कारखाना तिथे डोंगरमाथ्यावर होता, मागे शोला जंगलाचा उतार. पारा लागलेल्या फुटक्या काचेचा ढीग गावातल्या भंगारवाल्याकडे सापडल्यावर २००१ मध्ये तो बंद पडला. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या हैदराबादमधल्या प्रयोगशाळेने नंतर तिथले शेवाळ आणि दगडफूल तपासले. मुळे नसलेल्या, बरेचसे पोषण हवेतून घेणाऱ्या या सजीवांत पारा भरलेला होता, आणि कोडाईच्या तळ्यातल्या माशांतही. महाराष्ट्रातही कल्याणजवळ आंबिवलीच्या काळू नदीत कारखान्यातून आलेल्या पाऱ्याची मोजमापे मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या संशोधकांनी कोडाईच्या कितीतरी आधी केली होती.

स्टॉक यांनी पारा शोधताना दाखवलेला चोखपणा माणसांबाबत दाखवला नाही. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि त्याच वर्षी ते नाझी पक्षाचे सभासद झाले. १९३६ ते १९३८ ते जर्मन रसायनशास्त्र संघटनेचे अध्यक्ष होते. ज्यू शास्त्रज्ञांना अशा संस्थांतून बाहेर काढण्याचा तो काळ, आणि अध्यक्ष या नात्याने स्टॉक त्यात सामील होते. ज्यांनी त्यांचा आजार ओळखला ते लुई लेविन ज्यू होते. धर्म बदलायला नकार दिल्यामुळे त्यांना आयुष्यभर पूर्ण प्राध्यापकपद मिळाले नव्हते. १९२९ मध्येच त्यांचे निधन झाले, म्हणून पुढचे पाहायला ते नव्हते. स्टॉक यांचे चरित्र सांगताना हा भाग गाळण्याची प्रथा आहे, ती बरी नव्हे.

१९३६ मध्ये प्रकृतीमुळे त्यांनी कार्लस्रुह सोडले आणि बर्लिनमध्ये छोट्या प्रयोगशाळेत पाऱ्यावरचे काम चालू ठेवले. स्नायू आखडत चालले होते, घराबाहेर पडणे अवघड झाले होते. १९४३ मध्ये बॉम्बवर्षावामुळे बर्लिन सोडून ते सायलेशियात गेले. दोन वर्षांनी रशियन फौजा आल्या, तेव्हा तिथूनही निघावे लागले. एल्ब नदीकाठच्या आकेन या लहान गावात त्यांनी आसरा घेतला. १२ ऑगस्ट १९४६ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, तिथेच त्यांचा मृत्यू झाला. पुढच्या चाळीस वर्षांत पूर्व जर्मनीतल्या रासायनिक कारखान्यांचे सांडपाणी एल्ब आणि तिच्या उपनद्यांत जात राहिले. १९८० च्या दशकात पाऱ्याने सर्वाधिक दूषित झालेल्या युरोपीय नद्यांत एल्बची गणना होत होती.